अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या एका नावाचा माग कसा काढायचा: स्कलिन मोनोलिथ हाताशी धरून

पूर्व अंटार्क्टिकात मॅक.रॉबर्टसन लँड नावाच्या पट्ट्यात एक कातळ थेट समुद्रातून उभा राहिला आहे. आकार चंद्रकोरीसारखा, उंची चारशे मीटरच्या पुढे. समोर वर्षाचा बराच काळ गोठलेला समुद्र आणि पाठीशी खंडाचं बर्फ. ऑस्ट्रेलियाच्या मॉसन स्थानकापासून तो साधारण १६० किलोमीटर पूर्वेला आहे. इंग्रजी नकाशांवर त्याचं नाव स्कलिन मोनोलिथ. १९३१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या एकाच उन्हाळ्यात, दोन देशांच्या जहाजांनी तो पाहिला आणि दोघांनी त्याला आपापलं नाव दिलं. मग कुणाचं नाव टिकलं, का टिकलं, दुसऱ्याचं काय झालं?

अशा प्रश्नाचं उत्तर घरबसल्या, नोंदी आणि नकाशे चाळून कसं शोधायचं, ते इथे सांगतो आहे. मराठी विकिपीडियावर लिहिणारे, भूगोल शिकवणारे, जुन्या नकाशांचा नाद असलेले अशांना उपयोग व्हावा. प्रत्यक्ष तिथे जाण्याचा प्रश्नच नाही. स्कलिन आणि त्याच्या शेजारचा मरे मोनोलिथ हे अंटार्क्टिक करारव्यवस्थेत विशेष संरक्षित क्षेत्र क्रमांक १६४ आहेत आणि परवान्याशिवाय तिथे पाऊल ठेवता येत नाही. दीड लाखाहून जास्त समुद्रपक्ष्यांच्या जोड्या तिथे अंडी घालतात, त्यात बहुतेक अंटार्क्टिक पेट्रेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. एखादी जागा कुणी पाहिली, कुणी मोजून नकाशावर घेतली, नाव कुणी दिलं आणि ते नाव मंजूर कुणी केलं, हे चार वेगळे प्रश्न आहेत. चौघांची उत्तरं वेगळी असू शकतात आणि तारखाही. लोकप्रिय लेखांत या चारांची खिचडी करून ‘शोध लागला’ एवढंच लिहिलेलं असतं. ध्रुवीय नावांबद्दलचे निम्मे वाद त्या दोन शब्दांत दडलेले असतात, असं माझं मत आहे.

पहिली पायरी: जागा नक्की कोणती ते ठरवा

शोधयंत्रात नाव टाकून सुरुवात करू नका. थेट स्कार कंपोझिट गॅझेटियर उघडा. स्कार म्हणजे अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती. तिच्या या सूचीत वेगवेगळ्या देशांनी दिलेली नावं एकत्र आहेत. नावं जवळपास चाळीस हजार, जागा मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास. अंटार्क्टिकाला सगळ्यांना बांधील अशी नावं देणारी एकही संस्था नाही. प्रत्येक देशाची आपली समिती असते: ब्रिटनची १९४५ सालची, ऑस्ट्रेलियाची पहिली १९५२ सालची, नॉर्वेचं काम त्यांची ध्रुवीय संस्था पाहते. स्कार ही नावं मंजूर करत नाही, फक्त शेजारी शेजारी मांडते.

या सूचीत प्रत्येक नोंदीला दोन क्रमांक असतात. नेम आयडी त्या नावाचा, प्लेस आयडी त्या जागेचा. दोन नोंदींची नावं वेगळी पण प्लेस आयडी एकच, तर जागा एकच. कुठलंही नाव तपासताना आधी प्लेस आयडी टिपून ठेवा आणि त्याखाली कोणकोणत्या देशांची नावं आहेत ते सगळं उतरवून घ्या. ही सूची सातबाऱ्यासारखी समजा: आज नोंद कुणाची आहे ते दाखवते, ती कशी चढली ते कळायला फेरफार उघडावाच लागतो. इथला फेरफार म्हणजे प्रत्येक देशाच्या नोंदीतलं वर्णन. अमेरिकेचं वर्णन आणि ऑस्ट्रेलियाचं वर्णन वेगवेगळं वाचा, कारण एकाने गाळलेलं दुसऱ्याकडे सापडतं.

सारख्या नावांपासून जपा. मिकेल्सन हे नाव घ्या, पुढे आपल्याला लागणारच आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळची मिकेल्सन बेटं ओट्टो मिकेल्सन या नॉर्वेजियन पाणबुड्याच्या नावाची आहेत. फ्रेंच मोहिमेच्या ‘पूर्क्वा-पा?’ जहाजाचा तळ खडकावर घासला होता, तेव्हा पाण्याखाली उतरून तो ज्याने तपासला तो हा माणूस. मिकेल्सन उपसागर एनार मिकेल्सन या डॅनिश संशोधकाच्या नावाचा. आणि स्कलिनच्या माथ्यावर जे मिकेल्सन शिखर आहे ते क्लारियस मिकेल्सन या तिसऱ्याच माणसाचं, देवमासे मारणाऱ्या बोटीच्या कप्तानाचं. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘मिकेल्सन कोण?’ या प्रश्नाला जागा सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश तपासा, आणि हातानेच

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त चुका इथेच पकडता येतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

स्कलिन मोनोलिथ: ६७°४७′ दक्षिण, ६६°४२′ पूर्व. मरे मोनोलिथ: ६७°४७′ दक्षिण, ६६°५३′ पूर्व. अंशापुढचे आकडे कला (अंशाचा साठावा भाग) आहेत, दशांश नाहीत. ६७°४७′ म्हणजे ६७.७८. कुणी घाईत ६७.४७ लिहिलं की कातळ पस्तीस किलोमीटर उत्तरेला, भर समुद्रात जाऊन बसतो. रेखांशात तीच चूक केली तर तो आणखी बारा किलोमीटर पश्चिमेला सरकतो. नकाशावर एखादं ‘टोक’ पाण्यात तरंगताना दिसलं की पहिला संशय याच चुकीवर घ्या. दुसरा संशय उणे चिन्हावर: दक्षिण अक्षांश उणे लिहायचा राहिला तर तुमचं टोक थेट उत्तर रशियात जाईल.

आता अंतर. अक्षांशाची एक कला सगळीकडे साधारण १,८५२ मीटर. रेखांशाची कला मात्र ध्रुवाकडे जाताना आकसते. ६७°४७′ ला तिला त्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.३७८ ने गुणायचं. उत्तर येतं जेमतेम ७०० मीटर. स्कलिन आणि मरे यांच्यात ११ कलांचा फरक, म्हणजे अंतर ७.७ किलोमीटर. समुद्री मैलात सव्वाचार. आता एखाद्या इंग्रजी वर्णनात या दोघांत ‘चार मैल’ लिहिलेलं दिसलं तर ते समुद्री मैल आहेत हे तुम्हाला लगेच कळेल. जमिनीवरचे मैल धरले तर साडेसहा किलोमीटरच भरतात. ध्रुवीय वर्णनांत मैल म्हटलं की कोणता मैल ते असं मोजूनच ठरवा. दोन मैलांत पंधरा टक्क्यांचा फरक आहे, आणि तो चुकीच्या रूपांतराने विश्वकोशात शिरलेला मी अनेकदा पाहिला आहे.

तिसरी तपासणी अचूकपणाची. नोंद पूर्ण कलेत दिली असेल तर उत्तर-दक्षिण नऊशे मीटर इकडेतिकडे होण्याची मुभा तिच्यात आधीच आहे. तिचं दशांशात रूपांतर करून ६७.७८३३३३ असे सहा आकडे लिहिले म्हणून जागा सेंटिमीटरपर्यंत कळली असं होत नाही. दोन आकडे पुरेत.

जुन्या जहाजांच्या नोंदी वाचत असाल तर घड्याळाचाही विचार करा. रेखांश म्हणजे शेवटी वेळेतला फरक. पृथ्वी चार सेकंदांत एक कला फिरते. जहाजावरचं घड्याळ चार सेकंदांनी चुकलं तर या अक्षांशावर जागा सातशे मीटरनी सरकते, मिनिटभर चुकलं तर दहा किलोमीटरनी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशावरचं टोक आजच्या जागेपासून पूर्व-पश्चिम सरकलेलं दिसलं पण अक्षांश मात्र बरोबर असला, तर दोष बहुतेक घड्याळाचा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा नव्हे.

तिसरी पायरी: नकाशा ध्रुवाचा घ्या

मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे इथे निरुपयोगी. ते मर्केटर पद्धतीचे असतात आणि अंटार्क्टिकाला तळाशी पसरलेल्या पांढऱ्या पट्टीसारखं ताणतात. क्यूजीआयएस ही मोफत संगणकप्रणाली उतरवा आणि तिच्यासाठी नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने तयार केलेला क्वांटार्क्टिका हा संच घ्या. किनारे, उंची, उपग्रहचित्रं, स्थानकं असं पुष्कळ त्यात एका जागी मिळतं. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत, ईपीएसजी ३०३१ ठेवा. किनाऱ्याची अद्ययावत रेषा ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे सांभाळत असलेल्या अंटार्क्टिक डिजिटल डेटाबेसमधून, उंचीचा तपशील रेमा या प्रारूपातून.

पहिल्यांदा हा नकाशा उघडला की दिशा हरवतात. वर उत्तर नसते. मध्यभागी ध्रुव, वरच्या बाजूला ग्रीनिचचं शून्य रेखांश, उजवीकडे ९० पूर्व. स्कलिन ६६ पूर्वेला, म्हणजे उजव्या काठावर, जरा वरच्या अंगाला. तिथे उत्तर उजवीकडे आहे आणि समुद्रही. जुन्या वर्णनात ‘कातळाच्या पश्चिमेला’ असं आलं की पडद्यावर ते डावीकडे शोधू नका, वरच्या बाजूला पाहा.

किनारा म्हणून दिसते ती रेष कशाची आहे तेही पाहा. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याचा फार थोडा भाग उघड्या खडकाचा आहे. बाकी सगळी बर्फाची कड, आणि ती सरकते, तुटते. स्कलिनच्या पूर्वेकडच्या अमेरी हिमथरापासून सप्टेंबर २०१९ मध्ये डी-२८ नावाचा १,६३६ चौरस किलोमीटरचा हिमखंड तुटून निघाला, तेव्हा तिथली ‘किनाऱ्याची रेषा’ एका झटक्यात बदलली. खडकाचं टोक सापडलं नाही तर नोंद चुकली असं म्हणता येतं. हिमाची जीभ सापडली नाही तर आधी ती कधी होती ते विचारा. म्हणून प्रत्येक उपग्रहचित्राची तारीख टिपून ठेवायची.

चौथी पायरी: कुणी, कशावरून आणि कशाने पाहिलं

इथे कथेला रंग चढतो.

१९२९ ते १९३१ या काळात ऑस्ट्रेलियाचे ध्रुवीय संशोधक डग्लस मॉसन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची संयुक्त मोहीम दोनदा या किनाऱ्यावर आली. तिचं आद्याक्षरी नाव बँझारे. जहाज ‘डिस्कव्हरी’, म्हणजे तीस वर्षांपूर्वी कॅप्टन स्कॉटने वापरलेलंच. त्यावर जिप्सी मॉथ जातीचं छोटं विमान होतं आणि ते उडवायला स्टुअर्ट कॅम्पबेल व एरिक डग्लस. विमान वर गेलं की जहाजावरून न दिसणारी जमीन दिसायची.

त्याच पाण्यात नॉर्वेच्या देवमासे मारणाऱ्या बोटी फिरत होत्या. त्यांचं मुख्य काम शिकार. पण देवमाशांचा पाठलाग करत त्या किनाऱ्याच्या जितक्या जवळ जायच्या तितक्या जवळ मोठं जहाज जात नसे. ‘टोर्लिन’ या बोटीवरून क्लारियस मिकेल्सनने किनाऱ्याची रेखाटनं केली. मालक लोक, विशेषतः सान्नेफ्योरचे लार्स क्रिस्टेन्सन, अशा रेखाटनांना उत्तेजन देत आणि त्यावरून नकाशे तयार होत. हौस होती, धंदाही होता आणि देशाचा हक्क सांगायची घाईही.

प्रत्येक साधनाची चूक वेगळ्या जातीची असते, म्हणून साधन ओळखायला शिका. चालत्या बोटीवरून केलेल्या रेखाटनात समोरची कडा खरी उतरते पण तिच्या मागचं सगळं सपाट होतं. दोन डोंगर एकामागे एक असले तर ते एकच वाटतात. त्यात होकायंत्र: चुंबकी ध्रुव या बाजूला असल्याने सुई खऱ्या उत्तरेपासून खूप ढळलेली असते आणि ती ढळ किती धरली यावर दिशेचा खरेपणा ठरतो. १९३६-३७ च्या मोहिमेत लार्स क्रिस्टेन्सननी विमानातून तिरकी छायाचित्रं काढून घेतली, वैमानिक विग्गो वीडेरो. तिरक्या छायाचित्रात जवळचं मोठं आणि लांबचं बारीक दिसतं, त्यामुळे जमिनीवर मोजलेला एखादा पक्का बिंदू नसेल तर सगळा पट्टाच थोडा वळलेला येतो. १९४६-४७ च्या अमेरिकी ‘हायजंप’ मोहिमेत एकाच वेळी तीन कॅमेरे होते, एक सरळ खाली आणि दोन तिरके, म्हणजे एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत. तिथेही तीच अडचण, चित्रं मुबलक आणि जमिनीवरचे बिंदू मोजके. १९५४ मध्ये मॉसन स्थानक सुरू झालं आणि मग माणसं वर्षभर याच किनाऱ्यावर राहू लागली.

नकाशावर तुटक रेषा दिसली तर ती प्रामाणिकपणाची खूण समजा. नकाशा काढणारा सांगतो आहे की इथे मी अंदाज केला. नंतरच्या माणसाने उतरवून घेताना ती सलग केली की अंदाजाचं सत्य होतं. एकाच भागाचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी लावून रेषा कुठे तुटक आहे आणि कुठे सलग झाली ते पाहा. हा माझ्या आवडीचा भाग आहे, यात अख्खी संध्याकाळ सहज जाते.

मृगजळालाही विसरू नका. थंड बर्फावर उबदार हवेचा थर असला की प्रकाश वाकतो आणि क्षितिजाखालची जमीन वर उचलल्यासारखी दिसते. २६ डिसेंबर १९२९ ला मॉसननी ‘डिस्कव्हरी’च्या डोलकाठीवरून दक्षिण क्षितिजावर अशीच वर उचललेली जमीन पाहिली. पुढच्या सफरीत, फेब्रुवारी १९३१ मध्ये, तिथल्या टोकाला केप डार्नली नाव मिळालं. तिथे जमीन निघाली. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स रॉसच्या वाट्याला हे भाग्य नव्हतं: १८४१ मध्ये त्याने रॉस बेटाच्या दक्षिणेला पॅरी पर्वतांची रांग पाहून नोंदवली, साठ वर्षांनी स्कॉटची मोहीम तिथे गेली तेव्हा अशी रांगच नव्हती. दोघेही कसलेले ध्रुवीय संशोधक. म्हणून ‘पाहिलं’ ही नोंद कधी थेट स्वीकारायची नाही आणि कधी हसण्यावारीही न्यायची नाही. किती अंतरावरून, कोणत्या हवेत पाहिलं ते शोधायचं.

पाचवी पायरी: चार तारखांचा कागद

आता एक कागद घ्या आणि चार रकाने करा: पाहिलं, मोजलं, नाव दिलं, मंजूर झालं. प्रत्येक देशासाठी वेगळी ओळ. स्कलिनचा कागद साधारण असा भरतो.

नॉर्वेच्या ओळीत: पाहिलं, जानेवारी-फेब्रुवारी १९३१, शिकारी बोटींवरून. रेखाटनंही तेव्हाचीच. नाव, क्लारियस मिकेल्सन डोंगर. ‘मोजलं’ या रकान्यात १९३६-३७ ची विमानातली छायाचित्रं.

मॉसनच्या ओळीत: १३ फेब्रुवारी १९३१. मॉसननी नाव दिलं जेम्स स्कलिन यांचं, तेव्हाचे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान. ऑस्ट्रेलियाची नावांची समिती १९५२ ची, तेव्हा मंजुरीचा रकाना त्यानंतरचाच असणार. १९३१ हे वर्ष ‘अधिकृत नाव’ म्हणून लिहिणं चूक.

मग निवाडा कसा झाला? दोन्ही नावं राखली. संपूर्ण कातळाला स्कलिन, आणि मिकेल्सन हे नाव त्याच्या सर्वांत उंच शिखरापुरतं. शेजारच्या डोंगराला टोर्लिन, म्हणजे मिकेल्सनच्या बोटीचं नाव, तेही टिकलं. मरे हे नाव सर जॉर्ज मरे यांचं, दक्षिण ऑस्ट्रेलियाचे सरन्यायाधीश आणि ॲडलेड विद्यापीठाचे कुलपती. सगळ्या पट्ट्याचं मॅक.रॉबर्टसन हे नाव मेलबर्नचे मिठाई-चॉकलेटचे कारखानदार मॅकफर्सन रॉबर्टसन यांचं, कारण मोहिमेला पैसा त्यांनी दिला. मॅकनंतरचं ते टिंबसुद्धा सोडू नका. म्हणजे आठ-दहा किलोमीटरच्या परिघात पंतप्रधान, न्यायाधीश, कप्तान आणि त्याची बोट, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर मिठाईवाला. ज्या पक्ष्यांमुळे या कातळाला आज संरक्षण आहे त्यांच्या वाट्याला नाव आलं नाही, हे मला जरा खटकतं.

नाव देणारा एकच असला तरी नाव बदलू शकतं, त्यासाठी रॉस बेटावरचं केप इव्हान्स पाहा. स्कॉटच्या पहिल्या मोहिमेतल्या लोकांनी तिथल्या स्कुआ पक्ष्यांवरून त्याला ‘स्कुअरी’ म्हटलं होतं. जानेवारी १९११ मध्ये स्कॉटने तिथेच दुसऱ्या मोहिमेचा तळ टाकला आणि आपला सहकारी एडवर्ड इव्हान्स याचं नाव दिलं. १९०२ ची रोजनिशी वाचताना तुम्ही केप इव्हान्स शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. कागदावर नावाची जुनी रूपंही हवीत ती एवढ्यासाठी.

सहावी पायरी: ‘पहिला’ शब्द दिसला की थांबा

पहिला, पहिली, पहिल्यांदा. या शब्दांवर लाल रेघ मारून ठेवा आणि दोन स्वतंत्र पुरावे मिळेपर्यंत तिथून पुढे जाऊ नका. उदाहरण याच किनाऱ्यावरचं आहे आणि त्यात आपले कप्तान मिकेल्सनच आहेत.

२० फेब्रुवारी १९३५ ला क्लारियस मिकेल्सन ‘थोर्सहाव्न’ जहाजावरून काही खलाशांसह किनाऱ्यावर उतरले. सोबत पत्नी कॅरोलिन. झेंडा उभारला, दगडांची रास रचली. अनेक वर्षं सगळीकडे छापलं गेलं की अंटार्क्टिका खंडावर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री कॅरोलिन मिकेल्सन. जागा व्हेस्टफोल्ड टेकड्या. पुढे ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी त्या दगडांच्या राशीचा छडा लावला आणि जुन्या नोंदी जागेवर पडताळून पाहिल्या. १९९८ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की उतरण्याची जागा ट्राइन बेटांपैकी एका बेटावर आहे, मुख्य भूमीवर नाही. म्हणजे उतरणं खरं, तारीख खरी, रास खरी. ‘खंडावर’ हा एक शब्द तेवढा खोटा ठरला.

मग मुख्य भूमीवर पहिली कोण? पुरावा जातो ३० जानेवारी १९३७ कडे, लार्स क्रिस्टेन्सन यांच्या पत्नी इंग्रिड यांच्याकडे. आणि जागा कोणती? स्कलिन मोनोलिथ. त्या सफरीत इंग्रिडसह चार स्त्रिया होत्या. प्रिड्झ उपसागरातल्या एका उथळ उंचवट्याला त्यांच्यावरून ‘फोर लेडीज बँक’ असं नाव आहे. कॅरोलिन यांचं नाव इंग्रिड क्रिस्टेन्सन किनाऱ्यावरच्या एका डोंगराला १९३५ मध्येच मिळालं होतं. उतरण्याची जागा बदलली म्हणून ते नाव काही बदलत नाही.

पडताळणीची पद्धत ध्यानात घ्या. आधी दगड, मग कागद. कागदाला कागदाने तपासलं तर एकाच चुकीच्या दोन नकला हाती येतात.

सातवी पायरी: हक्काचं राजकारण वेगळं काढा

दोन देशांची जहाजं एकाच वेळी एकाच कातळाशी पोहोचली तो योगायोग नव्हता. १४ जानेवारी १९३० ला मॉसन आणि नॉर्वेचे संशोधक ह्यालमार रीसर-लार्सन समुद्रातच भेटले आणि कामाची हद्द साधारण ४५ पूर्व रेखांशाशी असावी असं बोलणं झालं. शिकारी बोटींनी ती हद्द पाळली नाही, हे १९३१ च्या कागदावरून उघड दिसतं. १९३३ मध्ये ब्रिटनच्या आदेशाने हा भाग ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातला म्हणून जाहीर झाला, १९३६ मध्ये तो अंमलात आला. १९३९ मध्ये नॉर्वेने पश्चिमेकडच्या ड्रॉनिंग मॉड लँडवर हक्क सांगितला.

१ डिसेंबर १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने हे सगळे दावे आहे त्या जागी गोठवले. कुणाचा मान्य नाही, कुणाचा रद्दही नाही. तेव्हा लिहिताना ‘ऑस्ट्रेलियाचा स्कलिन मोनोलिथ’ म्हणू नका. ‘ऑस्ट्रेलिया दावा सांगत असलेल्या भागातला’ म्हणा. नाव कुणाचं आहे यावरून जमीन कुणाची हे ठरत नाही, जरी नावं देताना मनात तोच हेतू होता.

भारत १९८३ मध्ये या करारात आला. त्याआधी पहिली भारतीय मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती, आणि आपल्या ध्रुवीय कामाचा कारभार आजही गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. २०१२ मध्ये सुरू झालेलं आपलं भारती स्थानक लार्समन टेकड्यांत आहे, स्कलिनपासून सरळ रेषेत चारशे किलोमीटरहून थोडं जास्त, मध्ये अमेरी हिमथर. वरच्या सगळ्या पायऱ्या स्वतः करून पाहायच्या असतील तर लार्समन टेकड्यांपेक्षा चांगला सराव नाही. १९३५ मध्ये मिकेल्सनच्याच मोहिमेने पाहिलेल्या या टेकड्यांवर आज भारत, रशिया आणि चीन यांची स्थानकं जवळजवळ आहेत, आणि द्वीपकल्पांची स्टोर्नेस, ब्रोक्नेस ही नॉर्वेजियन नावं त्यांच्याच शेजारी नांदताहेत. एका प्लेस आयडीखाली किती भाषा जमल्या आहेत ते मोजा. एवढं लक्षात ठेवा की नॉर्वेजियन नावाच्या शेवटी नेस म्हणजे भूशिर, ओया म्हणजे बेट, विका म्हणजे छोटा उपसागर, फ्येल म्हणजे डोंगर. रशियनमध्ये मिस म्हणजे भूशिर आणि ओस्त्रोव म्हणजे बेट. यामुळे ‘मिस अमुक भूशिर’ अशी दुहेरी नावं लिहायचं टळेल.

आठवी पायरी: लिहा, आणि चूक सापडली तर कळवा

मराठीत नोंद करताना क्रम असा ठेवा: जागा काय आहे, कुठे आहे, मग सगळी नावं, मग चार तारखा. उच्चार मूळ भाषेत ऐकून घ्या. सान्नेफ्योरच्या इंग्रजी लिखाणात शेवटी डी असतो, पण नॉर्वेजियन माणूस तो उच्चारत नाही. कुठल्या देशाच्या नोंदीवरून लिहिलं ते त्याच वाक्यात सांगा: ‘ऑस्ट्रेलियाच्या नोंदीनुसार’ एवढे दोन शब्द पुढचा वाद वाचवतात.

विकिडेटावर, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांच्या सामायिक माहितीसाठ्यावर, जोडणी करणार असाल तर एक धोका आहे. स्वीडिश आणि सेबुआनो विकिपीडियावर बॉटने जगभरच्या भौगोलिक सूचीतून लक्षावधी लेख तयार केले आणि त्यात अंटार्क्टिकाची एकच जागा दोन नावांनी दोनदा आलेली आढळते. नवीन नोंद उघडण्याआधी अक्षांश-रेखांशावरून आसपास काय काय आहे ते शोधा. दोन नोंदी एकाच जागेच्या निघाल्या तर विलीन करा, पण स्कलिन आणि मिकेल्सन शिखर यांना हात लावू नका. जवळजवळ एकाच बिंदूवर असले तरी एक अख्खा कातळ आहे आणि दुसरं त्याचं शिखर, आणि तो फरक ठेवूनच दोन देशांचा वाद मिटवलेला आहे. अक्षांश-रेखांशात चूक सापडली तर ज्या देशाची नोंद आहे त्याच्या नावांच्या समितीला पत्र लिहा, सोबत तारखेसह उपग्रहचित्र आणि तुम्ही केलेला हिशोब जोडा.